वाऱ्यात बोललेलं

सिग्नल हिरवा झाला आणि त्याची मोटारसायकल बंद पडली. पडली म्हणजे त्यानेच पाडली. इतकी वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाच्या हातून क्लच असा भसकन सुटावा, हे त्याचं त्यालाच पटेना. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गिल्ला केला, एका टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं काढून त्याच्या डोळ्यांची विचारपूस केली, आणि हा आपला तसाच, दोन्ही पाय जमिनीला टेकवून, समोरच्या हिरव्या दिव्याकडे बघत बसलेला. कारण सांगण्यासारखं नव्हतं. मागे बसलेल्या बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता, एवढंच. बायकोने नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला तर त्यात जगाने थांबून बघावं असं काही नसतं. पण तो हात खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधोमध, किंचित डावीकडे, सगळी बोटं उघडी ठेवून टेकवलेला होता. ना त्यात ढकलणं, ना धरणं, ना आधार घेणं. सकाळपासून वारा सुटला होता, रस्त्यावरचे कागद माणसांच्या पुढे पळत होते, दुकानांच्या पाट्या खडखडत होत्या, आणि त्या सगळ्या धांदलीत तो तळहात मात्र अगदी स्वस्थ होता. असा हात त्याच्या पाठीवर याआधी एकदाच पडला होता, तोही असल्याच वाऱ्यात, आणि तो बायकोचा नव्हता.

"काय झालं रे?" बायको मागून ओरडली.

"हात का ठेवलास?"

"कुठे?"

"पाठीवर."

"मग कुठे ठेवू? गाडी चालू कर आधी, लोक मारतील आपल्याला."

त्याने किक मारली. बायकोला औषधांच्या दुकानापाशी सोडलं. ती तिथे कामाला होती, आणि शटर उघडायची वेळ टळलेली असल्यामुळे तिने हेल्मेट काढून त्याच्या हातात कोंबलं नि मागे न बघता निघून गेली. तिचे केस हेल्मेटने चप्प बसले होते. तो तिच्याकडे बघत राहिला. विचारायचं राहून गेलं. आयुष्यात त्याचं जे काही महत्त्वाचं राहून गेलं होतं ते असंच, माणूस पाठमोरं झाल्यावर आठवून, राहून गेलं होतं.

त्याचं काम दातांच्या कवळ्या बनवण्याचं. एका जुन्या इमारतीच्या मागच्या बाजूला, खिडकीतून दुसऱ्या इमारतीचे पाइप दिसणाऱ्या दोन खोल्या. डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे, त्यांच्यात प्लास्टर ओतायचं, प्लास्टरच्या जबड्यावर गुलाबी मेण चढवायचं, आणि त्या मेणात एकेक दात बसवत जायचं. फळीवर ओळीने पांढरे जबडे मांडलेले असत. माणूस कसा आहे, काळा की गोरा, रागीट की प्रेमळ, काही ठाऊक नाही, फक्त त्याचं तोंड आतून पाठ. खालचा जबडा झिजलेला असला की तो मनात म्हणे, या माणसाने बरंच काही दाबून धरलेलं दिसतंय. हा त्याचा एकट्याचा विनोद होता, कुणाला सांगितलेला नव्हता. पलीकडच्या खोलीत पॉलिश करणाऱ्या बाई बसायच्या. त्यांची एक खासियत होती. पॉलिशचं मशीन सुरू झालं की बाई बोलायला लागत. सुनेबद्दल, घरमालकाबद्दल, मेलेल्या नवऱ्याबद्दल, सगळं त्या घरघरीत. मशीन बंद झालं की बाई गप्प. सुरुवातीला त्याला वाटलं आपल्याशीच बोलतायत, म्हणून तो एकदा उठून गेला होता. तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "तुम्हाला नाही हो, मशीनला सांगतेय." त्याने मान डोलावली होती. हसू मात्र आलं नव्हतं, आणि का आलं नव्हतं हेही त्याला पक्कं माहीत होतं.

आज मेणात दात बसेनात. पुढचे दोन बसवले की तिसरा वाकडा, तिसरा सरळ करावा तर पहिला हलतो. बाहेर पाइपांवर वारा शीळ घालत होता. त्याला उंट आठवत होता. म्हणजे तसा तो अधूनमधून आठवायचाच, पण आज तो आठवणीत मावत नव्हता; खुर्चीत, मेणात, बोटांत येऊन बसला होता. उंट हे मित्राचं नाव त्यानेच ठेवलेलं. दोघं एकाच गल्लीत वाढले, आणि एका उन्हाळ्यात बाकीची मुलं जिथल्या तिथे राहिली असताना तो मित्र एकटा भसाभस उंच होत गेला. उंट याला पायलट म्हणायचा. कारण उघड होतं: गाडी नेहमी हा चालवायचा. उंटाला मोटारसायकल कधी जमलीच नाही. त्याचे गुडघे हँडलला अडायचे, आणि शिकवायला घेतलं की तो इतका हसायचा की दोघंही पडायचे. त्यापेक्षा मागे बसणंच त्याला मानवलं. मागे बसावं तर उंटानेच. वळणावर गाडीबरोबर झुकायचा, ब्रेक लागला तरी अंगावर यायचा नाही. दूरच्या रस्त्यावर मागे माणूस आहे हे कळायचंसुद्धा नाही, आणि तरीही तो आहे म्हणून पुढच्याला रस्त्याची भीती वाटायची नाही. हे दुसरं त्याला फार उशिरा कळलं.

चालत्या गाडीवर बोलायचं नाही, हा त्यांचा नियम होता. तो नियम पडला त्याचंही एक निमित्त होतं. एका लांबच्या प्रवासात उंट मागून त्याच्या कानात किंचाळला होता, "डावीकडे बघ, हरीण!" याने डावीकडे बघितलं आणि दोघं गाडीसकट नाल्यात. चिखलातून डोकं वर काढून पाहतात तर हरीण कसलं, शेळी होती, आणि तीही यांच्याकडे काळजीने बघत होती. त्या दिवसापासून बोलणं बंद. त्याऐवजी खांद्यावर बोटं वाजवायची. एकदा म्हणजे हळू. दोनदा म्हणजे थांब. तीनदा म्हणजे मजेत आहे, चालू दे. एवढ्या तीन खुणांवर त्यांनी किती मुलूख पालथा घातला! कधी कमी पडल्या नाहीत. पोरसवदा वयात माणसाला सांगायचं तरी असं काय असतं? हळू, थांब, चालू दे. त्यापलीकडचं सांगायची पाळी आली तेव्हा खूण नव्हती.

पाळी आणली यानेच. उंट बरेच दिवस घरी बसून होता. त्याचा बाप जेवताना समोरून ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायचा, तोंड बघायला नको म्हणून. याला ते बघवेना. एका दातांच्या डॉक्टरचा भाऊ दूरच्या बंदरावर अधिकारी होता. याने डॉक्टरला गळ घातली, त्याच्या कवळ्या दिवसरात्र करून दिल्या, आणि उंटाला तिथे क्रेनवर चिकटवून दिलं. मोटारसायकल येत नाही तो क्रेन काय चालवणार, म्हणून सगळी गल्ली हसली. उंटही हसला. बंदर म्हणजे देशाचं दुसरं टोक. तिथे गेलेला माणूस सणासुदीलाही परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उंट म्हणाला, "रेल्वेने नाही जाणार. तू सोडायला चल. शेवटचं एकदा लांब जाऊ." शेवटचं हा शब्द त्याने इतक्या सहज उच्चारला की याला त्याच्या कानशिलात एक ठेवून द्यावीशी वाटली. पण हा म्हणाला, "टायर बदलावे लागतील."

पहिला दिवस लख्ख उन्हाचा गेला. खांद्यावर बोटं सारखी तीन-तीनदा वाजत होती, चालू दे, चालू दे. दुसऱ्या दिवशी दुपारी पठारावर चढले आणि आभाळ पुढून काळं होत आलं. समुद्रावर वादळ उठलंय, रस्त्यात अडकाल, असं चहावाल्याने बजावलं होतं. पण उंटाला परवा हजर व्हायचं होतं, आणि पायलट असताना वादळाला कोण विचारतो! पठारावर झाड नाही, घर नाही, वाऱ्याला अडवायला एक भिंत नाही. वारा बाजूने यायचा आणि गाडीला अख्खीच्या अख्खी रस्त्याच्या कडेकडे सरकवायचा. मग पाऊस आला, तोही आडवा. हेल्मेटच्या काचेवरून पाणी वाहत होतं, समोर पांढऱ्या पट्ट्याचा एक हातभर तुकडा दिसायचा, तो संपला की पुढचा. कानात नुसता घोंघाट. आपला आवाज आपल्याला ऐकू येऊ नये असा. आणि त्या घोंघाटात त्याच्या तोंडून शब्द बाहेर पडला. त्याने ठरवलं नव्हतं. जाऊ नकोस. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तो दचकला, जीभ चावली. मग लक्षात आलं, कुणाला ऐकू येतंय! उंटाला तर शक्यच नाही. गाडी चालू आहे, बोलायचं नाही हा नियम आहे, आणि हे बोलणं बोलण्यात जमा होणारच नाही. मग त्याला आवरेना. जाऊ नकोस रे. मीच तुला पाठवतोय आणि मीच म्हणतोय, जाऊ नकोस. तू गेलास की मी कुणाला मागे बसवू? गल्लीत कुणाच्या दाराशी जाऊन शीळ घालू? तुझ्याशिवाय मला हसताच येत नाही, हे तुला माहीत आहे का, उंटा? दिवसभर तोंडात धरून ठेवलेलं मेण वितळत जावं तसं ते सगळं वितळून बाहेर येत होतं. काच आतून वाफेने भरली. डोळ्यांतून येत होतं ते पाऊस नव्हता. तो ओरडत होता, अगदी बेंबीच्या देठापासून, आणि वारा ते त्याच्या ओठांवरूनच उचलून नेत होता.

त्याच वेळी पाठीवर तो हात आला. दोन फऱ्यांच्या मधोमध, किंचित डावीकडे. रेनकोट, स्वेटर, शर्ट यांच्यातून त्याची ऊब लागली. एकदा नाही, दोनदा नाही, तीनदा नाही. वाजलाच नाही तो हात, नुसता टेकून राहिला. याने बोलणं गिळलं. हात राहिला. याला कळेना, हळू करू, थांबू, की चालू दे? परत फिरव म्हणतोय का? मनात आलं आणि त्याचा जीव असा वर आला की हँडल हललं. या हाताचा अर्थ परत फिरव असा असेल तर आत्ता, याच पांढऱ्या पट्ट्यावरून गाडी वळवायची आणि गल्लीत जाऊन उभी करायची, मग त्याचा बाप ताट घेऊन कुठेही जाईना का. पण तसं नसलं तर? थंडीने ठेवला असेल. भीतीने ठेवला असेल. माणसाला नोकरीवर पोचवायला निघालायस आणि निम्म्या रस्त्यातून परत आणतोस, कशाच्या जोरावर? एका हाताच्या? तो चालवत राहिला. थोड्या वेळाने हात निघून गेला, आणि जिथे होता तिथे गार लागायला लागलं.

पुढे एक बंद पडलेला पेट्रोल पंप लागला. त्याच्या पत्र्याखाली दोघं उभे राहिले. हेल्मेटं काढली. उंटाच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं, डोळे लाल होते, पण अशा पावसात डोळे कुणाचेही लाल होतात. याने तोंड उघडलं. इथे गाडी बंद होती, नियम लागू नव्हता. विचारायचं होतं, हात का ठेवलास. उंटही याच्याकडेच बघत होता, काहीतरी विचारायच्या बेतात असल्यासारखा. मग उंट खाली वाकला, चाकाशी बसला आणि म्हणाला, "चेन ढिली झालीय." याने पाना काढला. दोघांनी मिळून चेन घट्ट केली. तशी ती फारशी ढिली नव्हती.

येताना तो एकटा होता. मागच्या सीटवर पिशवी बांधली होती, आणि तिचा एक सुटा पट्टा वाऱ्याने त्याच्या खांद्यावर आपटायचा. एकदा, दोनदा. त्याने गाडी थांबवली, पाय टेकवले आणि मागे वळून बघितलं. हे कुणाला सांगायचं?

संध्याकाळपर्यंत कवळीचे पुढचे सहा दात कसेबसे बसले. बाईंनी जाताना डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "आज तुमचं लक्ष नाही. हा माणूस हसेल तेव्हा रडल्यासारखा दिसेल." त्याने मेण पुन्हा गरम केलं. त्या हाताचं काय करायचं हे त्याला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. लग्न झालं, तेव्हा उंट एका दिवसासाठी येऊन गेला होता, गर्दीत सगळ्यांच्या वर त्याचं डोकं दिसत होतं, आणि जवळ आला तेव्हा फोटोवाला मधे आला. मग वर्षातून दोनचार फोन. कसा आहेस. ठीक. तू? ठीक. पाठीचं दुखणं, मुलांचे मार्क, तिकडचा उकाडा. उंटाचं ठीकच चाललं असावं. त्याचंही वाईट नव्हतं. बायको चांगली होती, घर होतं, गाडीही अजून तीच होती. फक्त कधीमधी, रिकाम्या रस्त्यावर, त्याचा डावा खांदा आपोआप वर उचलला जायचा, बोटांची वाट बघितल्यासारखा. त्याला उंट हवा होता. इतकं साधं होतं ते, आणि इतक्या वयाच्या माणसाने बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

घरी आला तेव्हा बायको खिडक्यांच्या कड्या लावत होती. वाऱ्याने पडदे घरात फुगले होते. त्याने हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि या वेळी ती पाठमोरी असतानाच विचारलं.

"सकाळी हात का ठेवला होतास?"

"तू अजून तिथेच आहेस का?" ती हसली. "ऐकायला."

"काय ऐकायला?"

"तू बोलतोस ना गाडी चालवताना. हेल्मेटच्या आत."

तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. "मी बोलतो?"

"रोज नाही. वारा असला की हमखास. लग्न झाल्यापासून बघतेय. ऐकू काही येत नाही, पण खांदा धरला की हाताला घुमतं. मांजराचं घुमतं ना, तसं." तिने शेवटची कडी लावली आणि वळली. "आज म्हटलं, नीट पाठीवरच हात ठेवून बघावं. शब्द नाही कळत, पण बोलतोय एवढं कळतं. कुणाशी बोलतोस रे?"

बोलतोय एवढं कळतं. म्हणजे पठारावर, त्या पावसात, उंटाला कळलं होतं. थंडी नव्हती, भीती नव्हती, परत फिरवही नव्हतं. तो ऐकत होता. वारा सगळं उचलून नेत होता असं हा समजत होता, आणि त्याची पाठ मात्र एकेक शब्द मागच्या माणसाच्या तळहातावर ठेवत होती. किती पोचलं होतं? सगळं कळूनही तो उतरून निघून गेला असेल का? हे मात्र सहन होण्यासारखं नव्हतं. त्याने फोन काढला. बायको क्षणभर त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, मग स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून न घेता तिथेच थांबली.

उंटाने लगेच फोन उचलला. मागे वारा केवढा तरी घोंघावत होता.

"पायलट! बोल. आज मोकळाच आहे, वाऱ्यामुळे क्रेन बंद आहेत. खाली बसलोय नुसता."

"एक विचारायचंय. वेड्यासारखं वाटेल."

"मग नेहमीसारखंच आहे. विचार."

"आपण तिकडे येत होतो. पठारावर, वादळात. तू माझ्या पाठीवर हात ठेवला होतास."

उंट म्हणाला, "हो. तू गात होतास."

"मी?"

"पाठ घुमत होती तुझी. कितीतरी वेळ. मी म्हटलं, एवढ्या पावसात, एवढ्या वाऱ्यात हा माणूस गातोय." उंट हसल्यासारखा आवाज काढत होता. "खरं सांगू? माझा पाय निघत नव्हता. वाटत होतं, तुला दोनदा बोटं वाजवावीत आणि म्हणावं, चल परत. बापाच्या शिव्या खाऊ. बोटं उचललीसुद्धा होती. तेवढ्यात तुझी पाठ लागली हाताला. म्हटलं, मला मार्गी लावलं म्हणून हा इतका खूश आहे, गातोय, आणि आपण काय हे रडगाणं लावतोय. मग नाही वाजवली." तो थांबला. "त्या पंपावर विचारणार होतो, कुठलं गाणं ते. राहूनच गेलं. अजून कधीकधी वर केबिनमध्ये बसलो की आठवतं. कुठलं होतं रे?"

कुठलंही एक नाव सांगता आलं असतं. त्या काळातली गाणी त्याला ढीगभर पाठ होती, आणि त्यातलं एखादं सांगितलं असतं तर उंट खूश होऊन ते केबिनमध्ये म्हणत बसला असता, जन्मभर. त्याने टेबलावरच्या हेल्मेटकडे बघितलं. काचेवर सकाळची धूळ होती.

"गाणं नव्हतं," तो म्हणाला. "जाऊ नकोस म्हणत होतो."

फोनमध्ये वारा, खिडकीबाहेर वारा. देशाच्या या टोकाला नि त्या टोकाला एकच वारा असावा तसा. उंट बोलला तेव्हा त्याचा आवाज त्या नाल्यातून बाहेर आल्यासारखा होता.

"मग मोठ्यानं म्हणायचं ना, गाढवा."

"मोठ्यानंच म्हणत होतो."

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. त्याने आवाज खाली केला नाही. आता जाऊ नकोस म्हणून काही होणार नव्हतं; गेलेला माणूस तिथे म्हातारा व्हायला लागला होता, त्याची मुलं त्या समुद्राची झाली होती. त्यामुळे उरला होता तेवढाच शब्द त्याने उच्चारला, गाडी बंद असताना, हेल्मेटशिवाय, घोंघाटावर मात करण्याइतक्या मोठ्या आवाजात.

"ये," तो म्हणाला. "उंटा, एकदा ये."

पलीकडे उंटाने नाक ओढलं. मग घसा साफ केला.

"चेन घट्ट आहे ना?" त्याने विचारलं.